उलटा एन

रविवार, सकाळचे सात.
कॅम्पातल्या गोऱ्यांच्या दफनभूमीच्या फाटकाशी
चाळीसेक माणसं, गळ्यात दोरीचे बिल्ले.
नावं तीन लिप्यांत छापायची ठरली होती.
कुठली वर, कुठली खाली, यावर दोन बैठका मोडल्या
आणि बिल्ले कोरेच आले,
सोबत दोऱ्याला बांधलेलं एक पेन.

मेल्विना डिसोझा फिरवते आम्हाला.
कन्नडात सुरू करते, मराठीत वळते,
पायऱ्या मोजते कोकणीत, स्वतःशीच.
इथं कॉलऱ्याची रांग, एकाच जूनमधले एकोणीस.
इथं कर्नलसाहेबाची बायको, संगमरवर बाहेरून मागवलेला.
आणि पार भिंतीकडेला, घाणेरीच्या जाळीत,
अरुळप्पन, पलटणीच्या बँडातला,
वेल्लोरहून क्लॅरिनेट घेऊन आलेला.

त्याची खापरपणती आमच्यातच निघाली.
सगायमेरी, हेड पोस्टात असते.
अबोलीचा गजरा दगडावर ठेवून म्हणाली,
"तमिळ बोलते मी, वाचता येत नाही."
म्हणाली मराठीत.

कित्तूरकडचे शिवबसप्पा हात मागे बांधून चालतात.
सगळ्यांनी टोप्या काढल्या, त्यांनी नाही.
"यांच्या तोफा आमच्या गावावर आल्या होत्या.
तिथं मेलेल्यांची रांग कुठं आहे, बाई?
तिथं कोण फिरवतं बिल्ले वाटून?"
मेल्विनानं पाण्याची बाटली उघडली, पुन्हा मिटली.
"तुम्ही फिरवा," म्हणाली. "मी येते."

मग आम्ही सार्जंट मार्टिन डनिगनपाशी थांबलो.
आयर्लंडचा. घोड्यावरून पडून मेला.
काळा बसाल्ट, बारीक दाण्याचा, आमच्याच खाणीतला.
मी बघताक्षणी ओळखला.
मेल्विना हसून म्हणाली, "ही कारागिराची गंमत बघा,
नावातला एन उलटा आहे."
चाळीस मोबाईल वर झाले.

मी जवळ गेलो. एक नव्हे,
मार्टिनमधला एक, डनिगनमधले तीन,
चारही उलटे.
आणि खाली कोपऱ्यात, गवत बाजूला सारलं तर,
चिमणीच्या पायाएवढ्या तीन रेघा.
त्याच रेघा आमच्या घरच्या पाट्याच्या बुडाला आहेत.
वाटण करताना आई त्यांच्यावर ओला फडका दाबायची,
पाटा सरकू नये म्हणून.

सातेरी, माझ्या आज्याचा आजा.
त्याला एबीसीडी येत नव्हती,
साधं आपलं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं,
खरं कोरता येत होतं.

पुण्याहून आलेल्या बाई वहीतून मान वर करून म्हणाल्या,
"खरं म्हणजे? खरोखर?"
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाई.
शिवबसप्पा मागून म्हणाले, "आमच्यातही खरेच म्हणतात."

एकदा उलटा पडला असता तर चूक.
चारदा पडला म्हणजे ती त्याची बोली.

रेजिमेंटच्या वहीत, मेल्विना सांगते,
दगडाचे अकरा रुपये, बैलगाडीचा एक,
कोरणाऱ्याच्या रकान्यात आडवी रेघ.
मी काही बोललो नाही त्यावर.
मी आता किचनचे ओटे कापतो, मशीनवर,
पाण्याच्या धारेखाली, कानात बोळे घालून.
आमच्या ओट्यांवर कुणाची खूण नसते.

कुणाचं तरी सात-आठ वर्षांचं पोर
एनच्या खाचेतून बोट फिरवत होतं,
वरून खाली, तिरकं, पुन्हा वर.
"काका, उलटं आहे की हे?"

"आतून बघ," मी म्हटलं.
"दगडाच्या आतून वाचलं की सुलटं दिसतं."

पोरानं कान दगडाला लावला.
शिवबसप्पांनी टोपी काढली,
घाम पुसला,
पुन्हा घातली.